धुक्याच्या खोलीत सासूबाई

१० जानेवारी

ती. आई,

नमस्कार. राग उतरला असेल तर आशीर्वाद पाठवा. उतरला नसेल तर राहू द्या, मला काही घाई नाही.

फोन केला की तुम्ही "राँग नंबर" म्हणून ठेवून देता. राँग नंबरवाल्याला कोणी "पुन्हा फोन केलास तर बघ" असा दम देतं का? म्हणून हे पत्र. ते मध्येच ठेवून देता येणार नाही, कारण वाचणार धाकटी, आणि माझ्या धाकट्या जावेला एकदा वाचायला बसवलं की ती पोस्टाचा शिक्कासुद्धा वाचून दाखवते. धाकटे, जरा मोठ्याने वाच. आणि मध्ये मध्ये हसू नकोस, आईंना वाटेल आपण दोघी एकमेकींना सामील आहोत.

तुम्ही स्वतः का वाचत नाही हे मी विचारत नाही. चष्मा हरवलाय म्हणे. चष्मा इथे आमच्या फ्रीजवर आहे. गेली तीन-चार वर्षं तो घातला काय नि न घातला काय, तुम्हाला सारखंच दिसतं हे मला ठाऊक आहे, पण डोळ्यांचा विषय मी काढणार नाही. ठरवलंय मी.

फक्त त्या दिवसाचं एकदाच सांगते. तुमचे थोरले चिरंजीव मला म्हणाले, "चल, आईला नव्या चपला घेऊ." मी पर्स घेतली आणि निघाले. टॅक्सी डोळ्यांच्या दवाखान्यासमोर थांबली तेव्हा जेवढ्या तुम्ही चकित झालात तेवढीच मीही झाले. तुम्ही नाकाने ओळखलंत, मी पाटी वाचून ओळखलं, एवढाच फरक. तुम्ही तशाच दुसऱ्या टॅक्सीत बसून धाकट्या भावजींकडे गेलात, आणि मी फूटपाथवर उभी राहून ह्यांना विचारलं, "हे काय होतं?" तर म्हणाले, "सरप्राइज." ऑपरेशनचं सरप्राइज! ह्या माणसाबरोबर मी संसार केला, आणि कारस्थानाचं खापर माझ्या डोक्यावर. असो.

डॉक्टर तेव्हा काय म्हणाले तेवढं सांगते, मग खरंच बंद. मोतीबिंदू पिकून टणक होत चाललाय. आता केलं तर सोपं आहे. आणखी लांबवलं तर अवघड होईल, आणि मग दिसेलच असं ते सांगू शकत नाहीत. झालं. काढला विषय, मिटवला विषय.

आता मुख्य बातमी. मला नोकरी लागली! बालवाडी बंद झाल्यापासून मी घरात माशा मारत होते ते तुम्ही पाहिलंच आहे. आपल्या मागच्या रस्त्यावर ते जुनं कापडाचं गोदाम आहे ना, तिथे चित्रांचं प्रदर्शन आलंय. पण चित्रं भिंतीवर टांगलेली नाहीत. चित्राच्या आतच जायचं. खोलीत शिरलं की चारी भिंती, छत, जमीन, सगळीकडे चित्र, आणि ते हलतं. माझं काम लोकांना आत नेणं आणि पलीकडून सुखरूप बाहेर काढणं. म्हणजे बालवाडीच, फक्त मुलं मोठी आहेत आणि तिकीट काढून येतात.

धाकटीला एक गालगुच्चा.

तुमची थोरली सून


१९ जानेवारी

ती. आई,

नमस्कार. उत्तर आलं नाही. पण धाकटीने फोनवर सांगितलं की पत्र वाचून झाल्यावर तुम्ही "हं" म्हणालात. तुमच्या एका "हं"चे किती अर्थ होतात ते मला माहीत आहे. हा बरा असावा असं धरून चालते.

"या वयात दारात उभं राहायचं काम" असंही म्हणालात म्हणे. आई, दारात नाही, आत उभी राहते मी. आणि नुसती उभी नाही, काळे कपडे घालून, पायात जाड लोकरी मोजे घालून. अंधारात आम्ही दिसायला नको आणि चालल्याचा आवाजही यायला नको, म्हणून. आमच्या मुख्य बाईंना आम्ही "हळूबाई" म्हणतो. दिवसभर त्यांचं एकच: हळू बोला, हळू चाला, दार हळू लावा. त्यांना शिंक आली तरी अर्धीच येते. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमचा आवाज जरा मोठा आहे." मी म्हटलं, "माझ्या सासूबाईही हेच म्हणतात." तर म्हणाल्या, "मग त्यांचं ऐकलं का नाहीत?" तुमचं आणि त्यांचं छान जमेल.

पहिल्या खोलीत जमीनभर फुलं. पाऊल टाकलं की फुलं बाजूला सरतात. काल एक जाडजूड गृहस्थ फुलं चिरडू नयेत म्हणून टाचा उचलून चालत होते, इतके जपून की मला त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं. दुसऱ्या खोलीत समुद्र आहे. लाटा पायाशी येतात. सगळ्यांना ठाऊक असतं की हा नुसता उजेड आहे, तरी झाडून सगळे कपडे वर उचलतात! एका बाईंनी तर पर्स डोक्यावर धरली. मी सवयीने म्हणून गेले, "सगळ्यांनी जोडीदाराचा हात धरा, रांग मोडू नका." आणि खरंच धरला हो सगळ्यांनी. नवरा-बायकोही हात धरून बाहेर पडले, जरा लाजतच.

आणि परवा काय झालं! समुद्राच्या खोलीत भिंतीला टेकून मी अगदी स्तब्ध उभी होते, हळूबाईंना आवडतं तशी. एक साहेब आले, इकडेतिकडे चाचपलं, आणि माझ्या हातावर आपला कोट अडकवून पुढे गेले. खुंटी समजले मला! मला बोलायचीही बंदी आणि हसायचीही. मी तशीच कोट सांभाळत उभी. शेवटी बाहेरच्या दारात त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "साहेब, तुमचा कोट." ते टुणकन उडाले. "तुम्ही... चालता?" म्हणाले. मी म्हटलं, "हो, बोलतेसुद्धा, पण त्याची इथे परवानगी नाही." हळूबाईंनी तोंडाला रुमाल लावला. हसत होत्या, पण हळू.

तिसरी खोली धुक्याची आहे. तिथे मला अजून पाठवलेलं नाही. अनुभवी गाइडलाच पाठवतात.

तुमच्या चिरंजीवांनी तुमच्यासाठी खरोखरच चपला आणून ठेवल्या आहेत. रंग बघून तुम्हाला पुन्हा राग येईल.

थोरली


२ फेब्रुवारी

आई,

आज गंमत सांगणार नाही. धाकटे, हे जरा सावकाश वाच.

धुक्याच्या खोलीतल्या गाइडचा घसा बसला म्हणून आज मला आत पाठवलं. ती खोली अशी आहे: लांबलचक, रिकामी, आणि ठासून धूर भरलेला. पांढरा नाही, रंगीत. आत जाताना गुलाबी, मग पिवळा, मग निळा. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. गाइडने आधी आत शिरायचं, भिंतीला हात लावत दुसऱ्या टोकाला जायचं, आणि तिथून बोलत राहायचं. लोक त्या आवाजाच्या रोखाने चालत येतात. बोलायची वाक्यंही ठरलेली आहेत, मी तोंडपाठ केली होती.

अर्ध्या वाटेवर माझा हात भिंतीवरून सुटला. पुन्हा हात लावायला गेले तर भिंत नाही. दुसरीकडे चाचपलं, तिथेही नाही. आई, आपण कुठे आहोत, पुढे काय आहे, कोणी शेजारी आहे की नाही, काही कळेना. दिसत होतं, पण नुसता रंग. मागून लोक आत यायला लागले होते. त्यांची पावलं ऐकू येत होती आणि मी मधोमध खांबासारखी उभी.

आणि तेव्हा माझ्या मनात आलं, आईंना हे असं दिसतं का? रोज? सकाळी उठल्यापासून? तुम्ही आमच्या घरात न अडखळता फिरायचात, गॅस बंद करायचात, माझ्या पोळीला जाड म्हणायचात, आणि हे सगळं ह्याच्यातून? आणि मी "आई, समोर तर आहे, दिसत नाही का?" असं वैतागून म्हणायचे.

मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

पण लोक तर आत आलेले. एकजण म्हणाला, "अहो, कोणी आहे का?" तोंडपाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मग जे तोंडात आलं ते बोलायला लागले. "आहे मी, इथेच आहे. घाबरू नका, मीही जरा घाबरलेय. आपण सगळे माझ्या मागे जाऊ. माझी जीभ काही थांबत नाही, तेव्हा तुम्ही चुकणार नाही. आमच्या सासूबाई म्हणतात..." आणि असं बोलता बोलता भिंत सापडली, दार सापडलं, आणि सगळे बाहेर.

हळूबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "ठरलेलं एकही वाक्य बोलला नाहीत तुम्ही." माझ्या तोंडचं पाणी पळालं. तर म्हणाल्या, "रोज कोणी ना कोणी मध्येच घाबरून माघारी पळतं. आज कोणी पळालं नाही. उद्यापासून ही खोली तुमची."

बाकी सगळं बरं आहे. घर फार शांत आहे. मला शांत घराची सवय नाही.

थोरली


१४ फेब्रुवारी

ती. आई,

नमस्कार. तुम्ही विचारलंत, म्हणजे धाकटीकडून विचारवलंत, की धुक्यात मी "आमच्या सासूबाई म्हणतात" असं म्हटलं, त्याच्या पुढे काय म्हटलं. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, असं म्हणणार होते, पण जाऊ द्या.

सांगावंच लागेल आता. बोलत राहायचं तर विषय नको का? हवापाण्यावर माणूस किती बोलणार? मग मी त्यांना टॅक्सीची गोष्ट सांगते. चपला, सरप्राइज, पाटी, सगळं. मी दुसऱ्या टोकाला उभी राहून सुरू करते, "तर आमच्या सासूबाई टॅक्सीत बसल्या..." आणि पुढे काय झालं ते ऐकायला लोक भराभर माझ्याकडे येतात. मध्ये कोणी हरवलं की मी गोष्ट तिथेच थांबवते. मग बाकीचेच त्याला हाका मारतात, "अहो, या लवकर, सासूबाई टॅक्सीतून उतरतायत!"

तुमची निंदा नाही करत हो. उलट सगळे तुमच्याच बाजूचे आहेत. ह्यांना तर लोक नावं ठेवतात. दाराशी पोहोचले की प्रत्येक गटातून कोणी तरी विचारतंच, "मग? आल्या का सासूबाई परत?" काल एक आजोबा दुसऱ्यांदा तिकीट काढून आले, फक्त एवढं विचारायला. मी रोज सांगते, "अजून नाही." आणि बाहेर उजेडात आल्यावरही लोकांचे चेहरे पडलेले दिसतात.

रागावू नका. नाही तर रागवाच. तुम्ही रागावल्याचं ऐकूनही बरेच दिवस झाले.

थोरली


२१ फेब्रुवारी

ती. आई,

धाकटीच्या अक्षरातलं तुमचं पत्र मिळालं. "माझी अब्रू वेशीवर टांगलीस" हे तिने दोनदा लिहिलंय, म्हणजे तुम्ही दोनदा सांगितलं असणार. "तू सांगत असशील तशी मी टॅक्सीतून उतरलेच नव्हते, सगळं खोटं सांगत असशील" हेही पोचलं.

खोटं वाटतं ना? मग स्वतः येऊन ऐका. जे खोटं असेल ते तिथल्या तिथे खोडून काढा. मी तुम्हाला बोलवत नाहीये, नीट लक्षात घ्या. बोलावलं असतं तर तुम्ही आला नसता. पुढच्या महिन्यात प्रदर्शन इथून हलणार आहे, एवढंच कळवते.

आणि आई, एक सांगू? आम्ही तुम्हाला न सांगता नेलं, ते चुकलंच. ह्यांनाही ते पटलंय, ते तुमच्यासमोर कबूल करायला घाबरतात एवढंच. पण डोळे तुमचे आहेत. तुम्ही नको म्हणालात तर पुन्हा कोणी टॅक्सी आणणार नाही. मी आणू देणार नाही. तुम्हाला दिसायला हवं असं मला फार वाटतं, मनापासून वाटतं. पण तुम्ही परत यायला हव्यात हे त्याच्याही आधी वाटतं. दिसत नसेल तर नसेल, मी आहे ना बडबडायला.

थोरली


४ मार्च

धाकटे,

अगं लबाडे! आधी एक फोन तरी करायचास! "आईंना घेऊन निघालेय" एवढे तीन शब्द! आणि स्वतः समुद्राच्या खोलीतच बसून राहिलीस, म्हणे, "मला धुक्यात गुदमरतं." गुदमरत नव्हतं तुला, तू शूटिंग करत होतीस, मला हळूबाईंनी सांगितलंय.

हे फोनवर सांगितलं असतं, पण आई समोरच्याच खोलीत आहेत आणि त्यांचे कान तुला माहीत आहेत. म्हणून कागदावर. आत काय झालं ते ऐक.

मी नेहमीसारखी टोकाला उभी. आठ-दहा जणांचा गट आत आला. मी सुरू केलं, "तर टॅक्सी थांबली. आमच्या सासूबाईंनी वास घेतला आणि मुकाट्याने खाली उतरल्या..." आणि धुक्यातून आवाज आला:

"मुकाट्याने? मी मुकाट्याने उतरले?"

माझी बोबडीच वळली. पुन्हा आवाज: "तुला म्हटलं, 'तुझ्या नवऱ्याला सांग, मी काय गाठोडं आहे का उचलून न्यायला?' हे गाळलंस ना?"

"गाळलं," मी म्हटलं.

"सांग आता सगळ्यांना."

मी सांगितलं. आणि धुक्यातून कोणी तरी ओरडलं, "अहो, ह्याच त्या सासूबाई! आल्या!" टाळ्या वाजल्या गं! कोणाला कोणी दिसत नाही आणि टाळ्या! एक बाई म्हणाली, "आजी, करून टाका ऑपरेशन, माझ्या सासऱ्यांनी केलं, आता पत्त्यांत मला हरवतात." दुसरा म्हणाला, "काही दुखत नाही, आजी." आई म्हणाल्या, "तुम्हाला विचारलं का कोणी? आपापली वाट बघा." ते बिचारे वाट शोधत चाचपडत होते, एकमेकांवर आपटत होते, आणि आई मात्र त्यांच्या मधून तरातरा माझ्यापर्यंत आल्या. एकदाही थांबल्या नाहीत. माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "हे बघायला लोक तिकीट काढतात? मला तर घरबसल्या दिसतं."

मी हसायला गेले आणि रडले. बाकीचे बाहेर पडले. मी आईंना दाराकडे न्यायला लागले, तर त्या हलेनात. "थांब जरा," म्हणाल्या. "इथे कोणी माझं तोंड बघत नाही, तर सांगते. चिरायची भीती नाही मला. दोन बाळंतपणं काढली मी. पण तोंडावर कापड टाकतात म्हणे. मग कोण आलं, कोण गेलं, हातात काय घेतलं, कोणी काही सांगत नाही. दिसत नाही ते मी चालवून घेतलं, सवय झाली. पण दिसतही नाही आणि कोणी बोलतही नाही, तसं मला नको. त्या दिवशी टॅक्सीत तुझा नवरा एक शब्द बोलला नाही. मला तेव्हाच कळलं, काही तरी आहे."

धाकटे, आपण सगळ्यांनी त्यांना काय काय समजावलं! खर्च नाही, दुखत नाही, वेळ लागत नाही. आणि एवढीशी गोष्ट कोणी विचारली नाही.

मग म्हणाल्या, "इथे त्या लोकांशी बोलत होतीस, तशी तिथे बोलत राहशील?"

"राहीन."

"डॉक्टर नको म्हणाला तर?"

"तर त्याला इथे आणून मधोमध सोडते."

तेव्हा कुठे हसल्या आणि म्हणाल्या, "चल. घरी काय पसारा करून ठेवलायस ते बघू." बाहेर आल्यावर तुला त्यांनी "माझी पिशवी पाठवून दे" एवढंच सांगितलं, आणि तू तोंड वासून बघत राहिलीस, त्याचं कारण हे. पिशवी लवकर पाठव. त्यात त्यांची लोकरीची शाल असू दे.

ह्यांनी दार उघडलं, आईंना बघितलं, आणि चपला आणून पायाशी ठेवल्या. आई म्हणाल्या, "रंग कोणता आहे?" हे म्हणाले, "जांभळा." आई म्हणाल्या, "बरं आहे मला दिसत नाही ते."

थोरली


१७ मार्च

धाकटे,

झालं! ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, सगळं ठीक आहे. ते तुला कालच फोनवर कळलं. पण बाकीचं सांगायला कालचा दिवस पुरला नसता.

डॉक्टर आधी तयार नव्हता. म्हणाला, "नातेवाइकांना आत घेत नाही आम्ही." आई टेबलावरून उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मग मलाही घेऊ नका." पाच मिनिटं नुसती बघाबघी झाली. शेवटी मला टोपी घातली, झगा घातला, एक खुर्ची दिली आणि अट घातली: हळू बोलायचं, आणि पेशंटला हसवायचं नाही. डोकं जराही हललं तर डोळ्याला धोका. अगं, माझा जीव वर! मी आणि हसवायचं नाही! हळू बोलायचं ते हळूबाईंनी शिकवलं होतं, पण हे कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांच्या तोंडावर कापड आलं. एक डोळा तेवढा उघडा. माझा हात घट्ट धरला होता, नखं रुतत होती. मी आपलं शेजारच्यांकडे परवा भांडण झालं ते सांगायला घेतलं, तर कापडाखाली आईंचं पोट गदगदायला लागलं. डॉक्टर ओरडला, "बाई! विनोद करू नका!" मी विनोद केलाच नव्हता गं, शेजारच्यांचं जसंच्या तसं सांगत होते.

मग मी आवरलं. धुक्यात बोलते तसं बोलायला लागले. "आई, मी तुमच्या डाव्या बाजूला आहे. नर्सबाई पायाशी आहेत. डॉक्टरांनी बाटली उचलली. आता थेंब पडेल, गार लागेल. पडला. आता ते खाली वाकलेत. हात अगदी स्थिर आहे त्यांचा. आता दिवा जवळ आणला." त्यांच्या हाताची पकड सैल होत गेली. आणि मग काय झालं माहीत आहे? डॉक्टरच बोलायला लागला. "आजी, आता आतलं काढतोय. आता नवीन बसवतोय. छान बसलं." मी गप्प झाले. पहिल्यांदा मला कोणी गप्प केलं आणि मला राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तिथे त्या काही बोलल्या नाहीत. टॅक्सीतही नाही. मी ह्यांच्याकडे बघतेय, हे माझ्याकडे बघतायत. माझ्या मनात नको नको ते आलं. घरी आलो, दार उघडलं, आणि आई उंबऱ्यातच थांबून म्हणाल्या, "ते कोपऱ्यातलं जाळं केव्हापासून आहे?"

जीव भांड्यात पडला माझा. मग काय, सुरूच! पंख्यावर धूळ, कपाटाला ओरखडा, पडद्याचा रंग उडालाय, ह्यांचं पोट सुटलंय. चपला बघितल्या आणि डोळे मिटून घेतले. मी मागे मागे फिरतेय आणि हसतेय. इतकी नावं ठेवून घेताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि मग त्या माझ्याकडे वळल्या.

बघतच राहिल्या. जवळ आल्या, पुन्हा मागे सरकल्या, पुन्हा जवळ आल्या. मला वाटलं, आता माझी पाळी, आता काय निघतंय कोण जाणे. त्यांनी हात वर केला आणि माझ्या कानावरची बट बोटांत धरली. म्हणाल्या, "अगं, हे पांढरे केव्हा झाले?"

मी म्हटलं, "झाले हळूहळू. दोन-चार वर्षं झाली."

"मला कोणी सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं, आई?"

तर म्हणाल्या, "मला तू अजून तशीच दिसत होतीस. आलीस तेव्हाची, पोरसवदा. म्हणून तर एवढी ओरडायचे तुझ्यावर. आता हिला शिकवायलाच हवं, असं वाटायचं." नव्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून मी पदर पुढे केला, तर तो त्यांनी बाजूला सारला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतच राहिल्या. डोळ्यांखाली, कपाळावर, एकेक रेघ. मला इतकं कोणी कधी बघितलं नाही, धाकटे. ह्यांनीसुद्धा नाही.

मग विचारलं, "तिथे दिवसभर उभीच असतेस का गं तू?"

"हो."

"आणि घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभी."

मी चहा ठेवायला वळले.

त्यांनी माझे खांदे धरले, मला खुर्चीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "बस."

मी बसले. आणि त्या चहा करायला आत गेल्या.

तुझी थोरली